सहा सर्वोंचा रोबोटिक हात: सर्वो कंट्रोलर कुठला घ्यावा?

नवशिका

मंडळी, नमस्कार. रोबोटिक्समध्ये नुकताच पाय टाकलाय. प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी जमतं, इलेक्ट्रॉनिक्स मात्र ओहमच्या नियमापुढे फारसं सरकलेलं नाही.

सहा जॉइंटचा हात करतोय, प्रत्येक जॉइंटला एक सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर. भाग थ्रीडी प्रिंट करून झालेत. तळ, खांदा, कोपर आणि मनगटाची वरखाली हालचाल यांना एमजी९९६आर हे मोठे सर्वो. मनगट फिरवायला आणि पकडीला एसजी९० हे छोटे. हाताशी आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आहे.

उनोच्या ५ व्होल्टच्या पिनवर एक सर्वो जोडला की छान चालतो. दुसरा जोडून दोन्ही एकदम हलवले की बोर्ड रीसेट होतो, कॉम्प्युटरवरून यूएसबी पोर्ट गायब होतो आणि सर्वो थरथरत बसतात. म्हटलं, कंट्रोलर घ्यावा. शोधायला बसलो तर पीसीए९६८५, पोलोलूचा माएस्ट्रो, एसएससी-३२, शिवाय 'सर्वो ड्राइव्ह' नावाचे भलेमोठे डबे. एक जण तर म्हणतो असले सर्वोच फेकून द्या आणि बस सर्वो घ्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धा_व्होल्ट

कंट्रोलर नंतर घ्या, आधी सप्लाय घ्या. आता टॉर्कताई येऊन हेच सविस्तर सांगतील, मी जागा धरून ठेवतो.

टॉर्कवाली

आले.

नवशिका, तुमचा बोर्ड रीसेट होतोय त्याचा कंट्रोलरशी काही संबंध नाही. सर्वोच्या तीन वायरींपैकी सिग्नलची वायर फक्त 'कुठल्या कोनात जा' एवढंच सांगते. तिच्यातून करंट नावापुरता जातो. हलायची ताकद लाल आणि तपकिरी वायरीतून येते, आणि ती तुम्ही उनोकडून मागताय.

एमजी९९६आर अडला की ६ व्होल्टला २.५ अँपियरच्या आसपास ओढतो. अडायलाच हवा असंही नाही. थांबलेली मोटर सुटताना क्षणभर तेवढीच भूक दाखवते. उनोवर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलीअँपियरचा आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो. दोन सर्वो एकदम सुटले की व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते, सुरू झाल्या झाल्या तुमचा प्रोग्रॅम पुन्हा सर्वो हलवायला जातो, आणि परत तेच. थरथर त्या चक्राची आहे.

हिशोब सरळ आहे. चार एमजी९९६आर गुणिले २.५ म्हणजे १०. दोन एसजी९० प्रत्येकी पाऊण अँपियरच्या आतबाहेर. सगळे एकाच क्षणी अडणार नाहीत, पण खांदा आणि कोपर नक्कीच एकत्र ताणात येतात. ५ व्होल्ट, १० अँपियरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) घ्या. एमजी९९६आरला ६ व्होल्टवर जास्त जोर येतो हे खरं, पण एसजी९० त्याच लाइनवर आहेत, म्हणून ५ म्हणतेय.

जोडताना: सप्लायचं ग्राउंड आणि उनोचं ग्राउंड एकमेकांना जोडायचं. ते जोडलं नाही तर सिग्नलला संदर्भच राहत नाही आणि सर्वो वेड्यासारखे वागतात. ५ व्होल्टच्या लाइनी मात्र वेगळ्याच ठेवायच्या. सर्वोंना वायरी फुटतात तिथे १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. त्याचं धन-ऋण दोनदा बघा, उलटा लावला तर फुटतो.

आणि खांद्यापासून पकडीच्या टोकापर्यंत अंतर किती आहे?

नवशिका

टॉर्कताई, आभार. सप्लाय बघतो. अंतर ३० सेंटीमीटर. कोपर बरोबर मध्यावर.

पण मग कंट्रोलर घ्यायचाच नाही का? पाहिलेल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो निळा पीसीए९६८५ बोर्ड दिसतो.

मिलीसेकंद

सहा सर्वोंपुरतं बोलायचं तर उनो पुरतो. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी उनोवर १२ सर्वो चालवते, मेगावर ४८. काम फार मोठं नसतं: दर २० मिलीसेकंदांनी प्रत्येक सर्वोला एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका. १.५ मिलीसेकंदाची पल्स म्हणजे मध्य, १ म्हणजे एका बाजूला, २ म्हणजे दुसऱ्या. बऱ्याच सर्वोंना पूर्ण १८० अंश फिरवायला ०.५ ते २.५ पर्यंत जावं लागतं, पण टोकाला आतला अडथळा लागतो आणि सर्वो घुर्रघुर्र करत तापत राहतो. टोकं हळूहळू सरकत शोधा, एकदम जाऊ नका.

उनो कमी पडतो तो वेगळ्या कारणांनी. लायब्ररी टायमर १ ताब्यात घेते, त्यामुळे ९ आणि १० या पिनांवरचं अ‍ॅनालॉगराइट बंद पडतं. निओपिक्सेलसारखी एलईडीची पट्टी लावलीत तर तिची लायब्ररी डेटा पाठवताना इंटरप्ट (चिपला वेळेवर जागं करणारे इशारे) थांबवते, आणि नेमक्या तेवढ्या वेळात सर्वोची पल्स लांबते. दिवे लागले की हात दचकतो. लोक वायरी तपासत बसतात आणि दोष कोडमध्ये असतो.

पायवरून थेट चालवायचं असेल तर आणखी जपून. त्यावर लिनक्स चालतं, आणि तुमच्या पल्सच्या मधोमध त्याला दुसरं काही काम आठवू शकतं. पायथनमध्ये झोपा-उठा करून काढलेली पल्स थरथरतेच. पाय ४ वर पिगपायओ लायब्ररी डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता चालणारी यंत्रणा) वापरून पल्स काढते, ती बरीच स्थिर असते. पाय ५ वर पिगपायओ चालत नाही, हे पुढे बोर्ड बदललात तर लक्षात असू द्या.

खुडबुड्या

मिलीसेकंदरावांनी पल्सचं सांगितलं, पण पल्स काढणं हा यातला सोपा भाग झाला. कंट्रोलर निवडताना मी एकच गोष्ट विचारतो: हालचालीचा हिशोब कोण करणार?

पीसीए९६८५ हिशोब करत नाही. तो सांगितलेली पल्स धरून ठेवतो, बस. तुम्ही ३० अंशांवरून १२० वर जा म्हटलं की सर्वो त्याच्या पूर्ण वेगाने झेप घेतो. ९ ग्रॅमच्या सर्वोला ते चालतं. ३० सेंटीमीटरचा हात तसा झेपला की टेबल हलतं, पकडीतली वस्तू उडते आणि गियरचे दाते जातात. हळू न्यायचं तर मधले कोन तुमच्या कोडने, दर २० मिलीसेकंदांना एक असे, पुरवायचे.

माएस्ट्रोमध्ये प्रत्येक चॅनेलला वेग आणि त्वरण यांची मर्यादा घालता येते. तुम्ही फक्त शेवटचा मुक्काम सांगता, सावकाश सुटणं आणि सावकाश थांबणं तो बघतो. ६, १२, १८ आणि २४ चॅनेलचे प्रकार आहेत. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडला की पडद्यावर प्रत्येक सर्वोसाठी एक सरकपट्टी येते. ती सरकवून प्रत्येक सर्वोची टोकं शोधायची आणि तिथेच मर्यादा म्हणून साठवायची. शिवाय त्यात छोटी स्क्रिप्ट ठेवता येते, मग उनोही नको आणि पायही नको. एसएससी-३२ ची खासियत निराळी: ३२ चॅनेल, आणि अनेक सर्वोंना 'अमुक वेळात सगळे एकदम पोचा' असं एका आज्ञेत सांगता येतं. सहा पायांच्या रोबोवाल्यांना तो म्हणूनच आवडायचा.

नवशिकासाठी माझं मत माएस्ट्रोला. ६ चॅनेलचा घेतलात तर मात्र सगळे भरतील. पुढे काही जोडायचं मनात असेल तर १२ चा घ्या.

मिलीसेकंद

शिवाय बारकाईत फरक आहे. पीसीए९६८५ १२ बिटचा. २० मिलीसेकंदांचे ४०९६ तुकडे, म्हणजे एक पायरी ४.८८ मायक्रोसेकंदांची. माएस्ट्रोची पायरी पाव मायक्रोसेकंदाची. १००० मायक्रोसेकंदांत ९० अंश धरले तर पीसीएची एक पायरी ०.४४ अंश होते. ३० सेंटीमीटरच्या टोकाला सव्वादोन मिलिमीटर.

टॉर्कवाली

कागदावर बरोबर. पण एमजी९९६आरच्या डेटाशीटमध्ये डेडबँड ५ मायक्रोसेकंद दिलाय, एसजी९० चा १०. त्याहून लहान बदल सर्वोला कळतच नाही. त्यात गियरची ढिलाई मिळवा: हात टोकाला धरून हलवून बघा, किती खेळ आहे ते. या सर्वोंपुढे पाव मायक्रोसेकंदाची बारकाई म्हणजे बहिऱ्यापुढे हळू आवाजात गाणं.

मिलीसेकंद

मान्य. डिजिटल सर्वो आले की मग बोलू.

पाना_पक्कड

मध्येच विचारतो. 'सर्वो ड्राइव्ह' म्हणजे हेच का? मला शोधात ४०० वॉटचे वगैरे दिसतायत, केबलीच मनगटाएवढ्या.

मिलीसेकंद

नाही. ते कारखान्यातल्या एसी सर्वो मोटरचे. तिथे मोटर आणि एन्कोडर एकीकडे, आणि एन्कोडर वाचून मोटरला करंट देणारा ड्राइव्ह दुसरीकडे. आपल्या छोट्या सर्वोत मोटर, गियर, कोन मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि ड्राइव्हचं सर्किट सगळं एकाच डबीत असतं. आपण ज्याला कंट्रोलर म्हणतो तो नुसता आज्ञा देणारा.

बसथांबा

सगळे पल्समध्येच अडकलेत म्हणून बोलतो. पल्सवाल्या सर्वोला तुम्ही '९० वर जा' म्हणता. तो गेला का? वाटेत अडकला का? जळायला आलाय का? काही कळत नाही. वायर एकाच दिशेने बोलते.

बस सर्वोत वायर दोन्हीकडून बोलते. फीटेकचा एसटीएस३२१५ घ्या: एका फेरीचे ४०९६ भाग, आणि विचाराल तेव्हा आत्ताचा कोन, भार, तापमान, व्होल्टेज सांगतो. डायनामिक्सेलचा एएक्स-१२ए त्याच जातीचा, ३०० अंशांत १०२४ पायऱ्या. सर्वो एकमेकांना माळेसारखे जोडायचे, कंट्रोलरपर्यंत एकच केबल. सहा सर्वोंच्या अठरा वायरींचं जंजाळ हातातून फिरवणं वाचतं. एसओ-१०० हा खुल्या आराखड्याचा हात सहा एसटीएस३२१५ वरच उभा आहे.

आणि सगळ्यात मजेचं म्हणजे टॉर्क (मोटरचा फिरवायचा जोर) बंद करून हात हाताने फिरवा, कोन नोंदवून घ्या, मग टॉर्क सुरू करून तीच हालचाल करून घ्या. गणित न करता हात शिकवता येतो.

टॉर्कवाली

हे सगळं खरं आहे. पण नवशिकाकडे सहा सर्वो आहेत आणि त्यांच्या मापाने छापलेले भाग आहेत. त्याला पहिला हात पूर्ण होऊ दे. बस सर्वो नवे घ्यायचे असतील त्यांनी जरूर तिकडूनच सुरुवात करावी, मी अडवणार नाही.

बसथांबा

ठीक. फक्त घेणाऱ्यांसाठी एक सूचना: नवे सर्वो बहुधा सगळे एकाच आयडीचे येतात, फीटेकचे तर १ चे. माळेत जोडण्याआधी एकेकटा जोडून आयडी बदला आणि अंगावर लिहून ठेवा. नाहीतर सहाही जण एकदम उत्तर देतात आणि बसवर नुसता कलकलाट.

स्थितप्रज्ञ_रोबो

आरओएस २ ही रोबोंची सॉफ्टवेअर चौकट शिका. तिच्यावर हाताच्या हालचाली आखणारं मूव्हइट लावा. पुढे तेच लागणार आहे.

अर्धा_व्होल्ट

अहो, त्याचा बोर्ड अजून रीसेट होतोय.

टॉर्कवाली

३० सेंटीमीटर म्हणालात तेव्हापासून खांद्याची काळजी वाटतेय. हात आडवा पसरलेला धरून हिशोब करू, सगळ्यात वाईट अवस्था तीच. वजन किलोत, अंतर सेंटीमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार म्हणजे लागणारा टॉर्क.

कोपराचा सर्वो ५५ ग्रॅम, १५ वर: ०.८. मनगटाचा ५५ ग्रॅम, समजा २५ वर: १.४. दोन एसजी९० मिळून १८ ग्रॅम, २८ वर: ०.५. प्लास्टिक १०० ग्रॅम धरलं, सरासरी १५ वर: १.५. रिकाम्या हाताचेच ४.२ झाले. पकडीत १०० ग्रॅमची वस्तू ३० वर म्हणजे आणखी ३. एकूण ७.२ किलोग्रॅम-सेंटीमीटर.

एमजी९९६आरचा ४.८ व्होल्टचा आकडा ९.४ आहे, आणि तो अडलेल्या अवस्थेतला आहे. त्या जोरावर सर्वो काम करत नाही, मरतो. रोजच्या वापराला निम्म्याच्या आत राहावं. म्हणजे तुमचा खांदा रिकाम्या हातालाच घामाघूम होणार. कंट्रोलर कुठलाही घ्या, तो यात काही करू शकत नाही.

उपाय तीन. खांद्याला जास्त टॉर्कचा सर्वो बसवा, पण त्याचं व्होल्टेज आणि करंट बघून सप्लाय पुन्हा मोजा. किंवा खांद्याला स्प्रिंग अथवा मागच्या बाजूला प्रतिभार लावा. किंवा हात आखूड करा. मला स्प्रिंग आवडते. वजन फारसं वाढत नाही आणि सप्लाय बंद झाला तरी हात धाडकन आपटत नाही.

नवशिका

एवढा विचार केलाच नव्हता. आधी स्प्रिंग लावून बघतो.

कंट्रोलरचं असं ठरवतोय: हालचालीचा हिशोब मला स्वतःलाच लिहायचाय, शिकायचं तेच आहे. पुढे कॅमेरा लावून पायवरून चालवायचंय. म्हणून पायला पीसीए९६८५. खुडबुड्या रागावू नका.

खुडबुड्या

रागवायचं कशाला. हिशोब तुम्ही करणार म्हटल्यावर माएस्ट्रोची अर्धी करामत वायाच जाते. पायला आयटूसीच्या (चिपांशी बोलायची एक पद्धत) दोन वायरी पुरतात आणि १६ चॅनेल मिळतात. बरोबर निवड.

मिलीसेकंद

मग दोन गोष्टी. पहिली, बोर्डावर व्हीसीसी आणि व्ही प्लस अशा वेगळ्या पिना असतात. व्हीसीसी ही चिपची, तिला पायचे ३.३ व्होल्ट द्या. ५ दिलेत तर बोर्डावरचे पुलअप रेझिस्टर आयटूसीच्या लाइनी ५ व्होल्टला ओढतील आणि पायच्या पिना ३.३ च्याच आहेत. व्ही प्लस ही सर्वोंची.

दुसरी, चिपचा आतला ऑसिलेटर (वेळ मोजणारं घड्याळ) २५ मेगाहर्ट्झचा म्हणतात, पण प्रत्येक चिप थोडी इकडे-तिकडे असते. ४ टक्के फरक पडला तर १५०० मायक्रोसेकंद मागितल्यावर १५६० किंवा १४४० मिळतात, म्हणजे पाच-साडेपाच अंशांची चूक. अ‍ॅडाफ्रूटच्या आर्डुइनो लायब्ररीच्या उदाहरणात मुद्दाम २७ मेगाहर्ट्झ लिहिलेलं दिसेल, ते याचसाठी. लॉजिक अ‍ॅनालायझर (पल्स मोजायचं यंत्र) मिळाला तर एका चॅनेलवर पल्स मोजा आणि त्या प्रमाणात मेगाहर्ट्झचा आकडा बदला. नेमके ५० हर्ट्झ असतील तर १५०० साठी ४०९६ पैकी आकडा ३०७ येतो, १००० साठी २०५, २००० साठी ४१०.

टॉर्कवाली

आणि व्ही प्लसच्या हिरव्या टर्मिनलमधून १० अँपियर ओढू नका. त्या बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा बारीक असतात. चारही एमजी९९६आरच्या लाल-तपकिरी वायरी सप्लायवरून थेट, जाड वायरीने वाटा, बोर्डावरून त्यांची फक्त सिग्नलची वायर न्या. ग्राउंड एकच हवं, ते विसरू नका. दोन एसजी९० खुशाल बोर्डावरून चालू देत.

पाना_पक्कड

हाच प्रकार चाकांच्या रोबोवर न्यायचा तर? २एस लिपो, म्हणजे दोन सेलची बॅटरी, आहे माझ्याकडे.

टॉर्कवाली

२एस पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देते. ६ व्होल्टचे सर्वो तिला थेट लावू नका. मध्ये पुरेशा अँपियरचा यूबेक (व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर) टाका, आणि पायसाठी दुसरा वेगळा. एकाच रेग्युलेटरवर दोन्ही टाकलेत तर नवशिकाचा पहिला प्रश्न तुम्हाला पायवर दिसेल, आणि पायचं एसडी कार्डही खराब होऊ शकतं.

नवशिका

सप्लाय आला, बोर्ड आला. जोडणी ताईंनी सांगितली तशीच केली. सहाही सर्वो एकदम हलवले, काही रीसेट होत नाही! थरथरही गेली.

आता एकच त्रास. प्रोग्रॅम सुरू केला की पहिल्या आज्ञेला हात जिथे असेल तिथून झटक्यात उडी मारतो. मधले कोन पुरवणारं कोड लिहिलंय, पुढच्या हालचाली मऊ होतात, पण पहिली नाही.

खुडबुड्या

ते कोडचं नाही. पल्सवाला सर्वो आत्ता कुठे आहे हे कुठल्याच कंट्रोलरला माहीत नसतं, माएस्ट्रोलाही नाही. तुमचं कोड ज्या कोनापासून मधले कोन मोजतं तो पहिला कोन अंदाजाचाच आहे. हाताला एक विसाव्याची स्थिती ठरवा, जिथे तो सप्लाय बंद असतानाही टेकून राहील. बंद करताना प्रोग्रॅमने तिथेच न्या आणि पुढच्या वेळी पहिली आज्ञा त्याच स्थितीची द्या. उडी मारायला अंतरच उरत नाही.

शिवाय सहाही चॅनेल एकदम सुरू करू नका. पल्स मिळेपर्यंत सर्वो ढिला असतो. आधी खांदा, थोडं थांबून कोपर, असं करत या. करंटचा धक्काही विभागला जातो.

बसथांबा

बस सर्वो असता तर आधी 'कुठे आहेस' विचारता आलं असतं. एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

नवशिका

जमलं! आता कोपर ९० म्हटलं की ९५ च्या आसपास जातो, मनगट ८६ वर. ऑसिलेटर मोजून दुरुस्त केलाय. मग हे काय?

मिलीसेकंद

हॉर्न, म्हणजे सर्वोच्या दांड्यावर बसणारी पट्टी, बसवताना सर्वो कुठल्या कोनात होता?

नवशिका

हाताने अंदाजे मध्यावर आणला होता.

टॉर्कवाली

एमजी९९६आरच्या दांड्याला २५ दाते असतात. म्हणजे एक दाता १४.४ अंशांचा, आणि नशीब वाईट असेल तर हॉर्न ७ अंशांपर्यंत चुकलेला राहणारच. हॉर्न काढा, सर्वोला १५०० ची पल्स देऊन ठेवा, आणि तो चालू असतानाच हॉर्न सगळ्यात जवळच्या दात्यावर बसवा. मग उरलेला फरक मोजा आणि प्रत्येक सर्वोचा वेगळा आकडा कोडमध्ये मिळवा. हे आकडे एका फाइलमध्ये ठेवा. सर्वो बदलला की तेवढी एकच ओळ बदलायची.